कानमास्तरांचे तीन काटे

कानमास्तरांनी आयुष्यात एक दिवसही शाळेत शिकवलेलं नाही. त्यांनी एकतीस वर्षं बसडेपोत इंजिनं दुरुस्त केली आणि तिथेच त्यांना हे नाव पडलं. बाकीचे मेकॅनिक बॉनेट उघडलं की आधी पाना शोधायचे, हे आधी कान लावायचे. हातभर लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला टेकवायची, डोळे मिटायचे आणि मिनिटभराने निकाल द्यायचा, "तिसऱ्या सिलिंडरचं बेअरिंग. आठवडाभर चालेल, मग रस्त्यात बसेल." आणि बस खरंच आठवडाभराने रस्त्यात बसायची. ड्रायव्हर मंडळी त्यांना वचकून असत, कारण कोणी गाडी कशी दामटली हे हा माणूस फाटकातून आत येणाऱ्या आवाजावरून ओळखायचा आणि चारचौघांत सांगायचा.

आता एकतीस वर्षं चालत्या इंजिनाला कान लावून बसल्यावर कानांचं काय होणार, हे सांगायला डॉक्टर कशाला हवा? पण मास्तरांना ते सांगायची कोणाची टाप नव्हती. त्यांचं ठाम मत होतं की अलीकडे लोकच तोंडातल्या तोंडात बोलायला लागले आहेत. बातम्या देणारे पुटपुटतात, बँकेतली बाई पुटपुटते, आणि त्यांची स्वतःची मुलगी तर जन्मापासूनच पुटपुटते. ऐकू न आलेल्या प्रत्येक गोष्टीवर त्यांच्याकडे एकच औषध होतं. मान हलवायची, "हो हो" म्हणायचं आणि पुढे चालू लागायचं. अशाच एका "हो हो"मुळे शेजाऱ्यांचं कुत्रं आठ दिवस त्यांच्या घरी राहायला आलं होतं. कुत्रं दारात पाहून मास्तरांना धक्का बसला, पण "मी कधी हो म्हणालो?" असं विचारण्यापेक्षा त्यांनी आठ दिवस ते कुत्रं फिरवलं. हट्टीपणा म्हणावा तो हा.

निवृत्तीनंतर त्यांच्या आयुष्यात दोनच गोष्टी उरल्या होत्या. एक बायको आणि दुसरी गाडी. बायकोला सगळे मास्तरीणबाई म्हणत. ती घरी बसून कपडे अल्टर करून द्यायची, आणि शिवणयंत्रावर बसली की जगाशी तिचा संबंध सुटायचा. गाडी होती सायीच्या रंगाची, चार दारांची, पन्नास वर्षांची. बावीस वर्षांपूर्वी डेपोच्या एका जुन्या साहेबांच्या अंगणात ती चाकांविना विटांवर उभी होती. मास्तरांनी ती ओढून आणली, तीन वर्षं खपून उभी केली, आणि तेव्हापासून दर गुरुवारी सकाळी बायकोला शेजारी बसवून ते तळ्यापर्यंत जात आणि परत येत. गुरुवार हा बायकोचा सुट्टीचा वार. तळ्यावर पाहण्यासारखं काही नव्हतं. दोघं गाडीतच बसून थर्मासमधला चहा पीत आणि घरी येत. मास्तरांना आठवड्यात दुसरा कुठलाही दिवस नसता तरी चाललं असतं.

दोन महिन्यांपूर्वीच्या गुरुवारी घोळ झाला. तळ्याच्या अलीकडच्या चढावर मास्तरीणबाई म्हणाल्या, "अहो, पुढून शिट्टीसारखं काहीतरी वाजतंय." मास्तर म्हणाले, "हो हो." जरा वेळाने त्या म्हणाल्या, "अहो, आवाज वाढलाय." मास्तर म्हणाले, "हो हो." तिसऱ्यांदा त्यांनी सांगायला तोंड उघडलं तोवर बॉनेटच्या फटींतून वाफ यायला लागली आणि पुढचं काही दिसेना. रेडिएटरचं पाणी उकळून गेलं होतं. गाडी मधोमध उभी राहिली, मागे पन्नास गाड्या खोळंबल्या, आणि एकेकाळी फाटकाबाहेरच्या बसचं बेअरिंग ओळखणारा माणूस स्वतःच्या गाडीपुढे वाफेत उभा राहून घाम पुसत होता.

त्या संध्याकाळी मुलगी आली. ती गावाच्या दुसऱ्या टोकाला राहते, औषधांच्या दुकानात काम करते आणि वडिलांवर गेली आहे, म्हणजे एकदा म्हणाली की म्हणाली. तिने खुंटीवरची चावी काढून पर्समध्ये टाकली.

"बाबा, आधी कान तपासून घ्या. मग चावी."

"कानांचा काय संबंध?" मास्तर कडाडले. "गाडीत काटे नाहीत, हा दोष आहे. वेगाचा काटा आहे, पेट्रोलचा आहे. बाकी एक लाल दिवा, आणि तो इंजिन उकळल्यावर लागतो. मेल्यावर ताप मोजण्यासारखं आहे ते! मी तीन काटे बसवतो. उष्णतेचा, ऑइलच्या दाबाचा आणि व्होल्टचा. मग शिट्टी वाजो नाहीतर ढोल वाजो, मला डोळ्यांनी दिसेल."

मुलीने आईकडे पाहिलं. मास्तरीणबाईंनी सुईत दोरा ओवता ओवता निकाल दिला. "बसवा काटे. पण तोवर मी त्या गाडीत पाय ठेवणार नाही. बसवले की एकदा मला फिरवून आणा. मला पटलं तर चावी तुमची. नाही पटलं तर हिची, आणि मग त्यावर वाद नाही."

मुलीने नाइलाजाने चावी परत खुंटीला लावली. मास्तरांनी मान्य केलं. दुसरा मार्गच नव्हता.

काटे आले. काळी तबकडी, पांढरे आकडे, भोवती चकचकीत कडं. जुन्या गाडीला शोभतील असे निवडायला मास्तरांना तीन आठवडे लागले होते. सोबत सूचनांचा एक कागद होता, त्यावर मुंगीच्या पायाएवढी अक्षरं आणि कुठल्यातरी भलत्याच गाडीचं चित्र. मास्तरांनी तो चष्मा लावून वाचला, चष्मा काढून वाचला आणि शेवटी डब्यात परत ठेवला.

पहिलं घोडं अडलं ते डॅशबोर्डवर. रेडिओसाठी कंपनीने एक खाच ठेवली होती आणि तिच्यावर पत्र्याचं झाकण होतं. त्या झाकणात दोन काटे बसत होते. तिसऱ्यासाठी खुद्द डॅशबोर्डचा पत्रा कापावा लागणार होता. पन्नास वर्षांत त्या पत्र्याला कोणी हत्यार लावलं नव्हतं. मास्तर हातात ड्रिल घेऊन अर्धा तास बसून राहिले. चुकून भोक मोठं झालं तर ते बुजवता येत नाही, आणि असा दुसरा डॅशबोर्ड आता कुठेच मिळत नाही. काट्याला हवं होतं बावन्न मिलिमीटरचं भोक. मास्तरांकडची गोल करवत होती पन्नासची. म्हणजे उरलेले दोन मिलिमीटर कानशीने घासून काढायचे, तेही डोकं पेडलपाशी, पाय दाराबाहेर आणि बोनस म्हणून डोळ्यांत पत्र्याचा चुरा, अशा अवस्थेत. त्यात सकाळ गेली. काटा घालून बघायचा, अडकला की काढायचा, परत घासायचं. अकराव्या वेळी तो असा अलगद आत बसला की मास्तरांनी पडल्या पडल्याच स्वतःला शाबासकी दिली. दिवसातलं बरं म्हणावं असं ते तेवढंच.

दुपारी धाकटा मेहुणा आला. मास्तरीणबाईंचा भाऊ, धंद्याने प्लंबर. मोठ्या इमारतींची कामं करतो आणि हातात पाना नसेल तर त्याला चैन पडत नाही. मास्तरांचं आणि त्याचं मेतकूट बरं जमतं, पण मास्तरांच्या लेखी पाण्याच्या नळाचं काम हे इंजिनाच्या कामापुढे किस झाडकी पत्ती, आणि हे ते त्याला दर भेटीत ऐकवतात.

"भावोजी, काय चाललंय?"

"काही नाही. तुझ्या बहिणीसाठी विमान बनवतोय."

उष्णतेचा सेन्सर इंजिनात बसवायचं काम तेवढ्यात आलं होतं. सेन्सर म्हणजे अंगठ्याएवढा पितळी बोल्ट. त्याचं टोक इंजिनातल्या गरम पाण्यात बुडालेलं असतं आणि डोक्यावर एक वायर लागते. जुन्या गाडीचे आटे वेगळे, नव्या सेन्सरचे वेगळे, म्हणून मध्ये एक पितळी जोडतुकडा घालावा लागला. मास्तरांनी सगळं आवळलं, रेडिएटरमध्ये पाणी भरलं, आणि जोडातून टप टप थेंब पडायला लागले. परत काढलं, परत आवळलं, परत थेंब. मास्तरांचा पारा चढला. त्यांनी पाना आदळला आणि हात धुवायला नळापाशी गेले.

ते नळ सोडून हात चोळत असताना मेहुण्याने मागून काहीतरी विचारलं. मास्तरांनी मान हलवली. "हो हो." थोड्या वेळाने तो परत काहीतरी म्हणाला. मास्तर म्हणाले, "हो हो, कर." ते परत आले तेव्हा थेंब थांबले होते आणि मेहुणा विजयी मुद्रेने हात पुसत उभा होता.

"बघा. एक थेंब नाही," तो म्हणाला.

"चांगलं आवळलंस," मास्तर म्हणाले. आणि त्यांनी तेवढ्यावर विषय सोडला.

आता पुढचे तीन दिवस काय झालं ते सांगतानासुद्धा चीड येते, तर ज्याने भोगलं त्याचं काय झालं असेल!

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी सुरू केली. ऑइलचा काटा झटक्यात वर आला. व्होल्टचा काटा चौदावर जाऊन शहाण्यासारखा उभा राहिला. उष्णतेचा काटा जागचा हलला नाही. पाच मिनिटं झाली, दहा झाली, रेडिएटरला हात लावला तर चटका बसत होता, आणि काटा म्हणत होता की इंजिन गारढोण आहे. तिन्ही काट्यांत जो चालायला हवा होता, ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, नेमका तोच मेला होता.

मास्तरांनी वायर तपासली. वायर शाबूत. वायर सेन्सरवरून काढून तिचं टोक इंजिनाच्या लोखंडाला टेकवलं, तर काटा ताडकन दुसऱ्या टोकाला गेला. म्हणजे काटाही शाबूत. मग मल्टिमीटर घेतला. त्याची एक तार सेन्सरच्या डोक्याला, दुसरी त्याच्याच पितळी अंगाला लावली. इंजिन तापत गेलं तसे आकडे जसे उतरायला हवेत तसेच उतरले. म्हणजे सेन्सरही शाबूत. तिन्ही साक्षीदार शपथेवर खरं बोलत होते, आणि तरी सगळ्यांना एकत्र जोडलं की काटा मेलेला.

त्यांनी फ्यूज बदलला. नवी वायर ओढली. इंजिन आणि बॅटरी यांच्यामधली अर्थिंगची जाड पट्टी काढून घासली, परत लावली, तिच्या जोडीला आणखी एक लावली. डॅशबोर्डखाली उताणं पडून पडून त्यांची मान आखडली. पक्कड दोनदा नाकावर पडली. काटा विकणाऱ्या दुकानदाराला फोन लावला, तर तो इतकं पुटपुटला की मास्तरांनी "हो हो" म्हणून फोन ठेवला. तो काय म्हणाला हे त्यांना आजही माहीत नाही. कदाचित त्याने उपाय सांगितलाही असेल.

तिसऱ्या दिवशी त्यांचं जेवणात लक्ष नव्हतं. ते भिंतीकडे बघत म्हणाले, "सगळं बरोबर आहे आणि तरी चालत नाही. असं होऊच शकत नाही."

"कशात तरी दोष असणारच," मास्तरीणबाई म्हणाल्या. मग जरा आवाज चढवून म्हणाल्या, "आपल्याला तो मान्य नसतो एवढंच."

हे मास्तरांना बरोबर ऐकू आलं. ते घास तसाच ठेवून म्हणाले, "टोमणे नकोत. स्पष्ट बोल."

"स्पष्ट बोलते. माझं मशीन गेल्या वर्षी चार महिने खडखडत होतं. शेजारीण भिंतीपलीकडून विचारायला आली, कसला आवाज येतो म्हणून. तुम्ही याच खोलीत बसून पेपर वाचत होतात. पूर्वी मशीनची एक सुई जरा वाकडी झाली तरी तुम्ही न्हाणीघरातून ओरडायचात, 'अगं, सुई बदल!' मी चार महिने वाट बघितली, तुम्ही कधी म्हणताय त्याची. शेवटी दुसऱ्या माणसाला बोलावून दुरुस्त करून घेतलं. त्या दिवशी मला रडू आलं. मशीनसाठी नाही."

मास्तरांना आठवेना की मशीन कधी खडखडलं. ते आठवणार कसं, ते त्यांच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. पण हे कबूल करायचं तर पुढचंही कबूल करावं लागलं असतं, म्हणून त्यांना रागच आला. "माणसाचं लक्ष पेपरात असतं कधीकधी," असं म्हणून ते ताटावरून उठले आणि सरळ गाडीपाशी गेले. गाडीचाही राग आला होता. मनात आलं, एवढं करून काटा हलत नसेल तर तिन्ही उपटून फेकून द्यावेत.

पण मेकॅनिकचा हात स्वस्थ बसत नाही. एकच जागा तपासायची राहिली होती, आणि ती तपासायची म्हणजे सगळं पाणी काढायचं, सेन्सर उपसायचा. पितळ लोखंडात घट्ट आवळलेलं आहे, तिथे कसला दोष असणार, म्हणून त्यांनी ते टाळलं होतं. आता दुसरं काही उरलंच नव्हतं. त्यांनी पाणी काढलं, पाना लावला, सेन्सर जोडतुकड्यासकट फिरवून वर काढला आणि उजेडात धरला.

आट्यांवर पांढरी टेप होती. नळाच्या जोडांवर प्लंबर गुंडाळतात ती. एक वेढा नाही, दोन नाही, वरच्या आट्यांवर सात आणि खालच्या आट्यांवर सात, अशी हौसेने गुंडाळलेली.

ज्याला विजेचं काही कळत नाही त्याच्यासाठी सांगतो. त्या सेन्सरला एकच वायर असते. विजेचा परतीचा रस्ता असतो त्याचे आटे, म्हणजे पितळ आणि लोखंड यांचा अंगाला अंग लागलेला जोड. मध्ये टेपचे सात वेढे आले की पाणी थांबतं आणि वीजही थांबते. तीन दिवस मास्तर ज्या दोषामागे धावत होते, तो एवढासा होता आणि नखाने निघत होता.

मेहुण्याला फोन गेला नाही, मेहुण्याच्या घरी मास्तर स्वतः गेले. सेन्सर रुमालात गुंडाळून, खुनाचं हत्यार न्यावं तसा.

"हे काय आहे?" त्यांनी दारातूनच विचारलं.

मेहुण्याने निरखून पाहिलं. "टेप आहे, भावोजी. चांगल्यातली आहे."

"चांगल्यातली! हा काय तुझा मोरीचा नळ आहे? तीन दिवस मी उताणा पडून मरतोय! तीन दिवस! इंजिनाला हात लावायला तुला कोणी सांगितलं होतं?"

मेहुणा एरवी चेष्टेखोर, पण आता त्याच्या चेहऱ्यावर चेष्टा नव्हती. तो मास्तरांच्या समोर, अगदी जवळ येऊन उभा राहिला आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलला. "भावोजी, मी तुम्हाला विचारलं होतं. तुम्ही हात धूत होतात. मी म्हटलं, टेप लावू का. तुम्ही हो हो म्हणालात. मी परत विचारलं, विजेचं काही बिघडणार नाही ना, नक्की लावू ना. तुम्ही म्हणालात, हो हो, कर. ताई खिडकीत होती. तिला विचारा."

मास्तर उभ्या उभ्या लाल झाले. त्यांना त्या माणसाच्या बोलण्याचा राग आला नाही. तो ज्या पद्धतीने बोलला, तोंड समोर आणून, ओठ मोठे करून, लहान मुलाशी किंवा म्हाताऱ्याशी बोलतात तसा, त्याचा राग आला. म्हणजे हा आधीपासून असाच बोलत होता? म्हणजे सगळेच? त्यांनी रुमाल खिशात कोंबला. "नळाचा धंदा कर तू," एवढंच म्हणून ते निघाले, आणि वाटेत त्यांच्या लक्षात आलं की हे बोलणं अगदीच फुसकं झालं.

घरी येऊन त्यांनी टेप खरवडून काढली. जोडाखाली तांब्याची चकती घातली, आटे कोरडे ठेवून आवळले. थेंब आला नाही. गाडी सुरू केली आणि पाचच मिनिटांत उष्णतेचा काटा जागा झाला, चाळीस, साठ, ऐंशी असा वर सरकत मधोमध येऊन थांबला. मास्तर एकटेच गाडीत बसून त्याच्याकडे बघत राहिले. आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण त्यात मेहुण्याचे मोठे केलेले ओठ सारखे मध्ये येत होते.

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. मास्तरीणबाई ठरल्याप्रमाणे पर्स मांडीवर घेऊन शेजारी बसल्या. तीन दिवस ज्या काट्यांनी जीव नकोसा केला, ते आता सरळ रांगेत उभे राहून आपापलं काम करत होते, आणि मास्तरांची छाती फुगली होती.

"हा बघ, हा ऑइलचा," शाळेवरून गाडी पुढे गेल्यावर ते सांगू लागले. "हा पडला तर ताबडतोब गाडी बंद. मधला बॅटरीचा. हा बारावर आला तर समजायचं, डायनॅमो गेला. आणि हा आपला लाडका. ऐंशीला आहे ना? नव्वदपर्यंत काही काळजी नाही. त्याच्यावर गेला की मी बाजूला घेणार. शिट्टी ऐकायची गरजच नाही. कालपर्यंत तर हाच मला छळत होता. मी काय केलं, आधी वायर काढली..."

त्यांनी वायर सांगितली, मल्टिमीटर सांगितला, टेपचे सात वेढेही सांगितले. मेहुण्याच्या घरी काय झालं ते गाळलं. मास्तरीणबाई काट्यांकडे बघत नव्हत्या. त्या बाजूच्या आरशात बघत होत्या आणि मग नवऱ्याकडे, आणि परत आरशात. मास्तरांना वाटलं, बायकोला मागचा रस्ता बघायला आवडत असावा.

मग तिने त्यांच्या दंडावर जोरात चापट मारली.

मास्तरांनी दचकून वर पाहिलं. आतला आरसा पांढऱ्या रंगाने भरून गेला होता. त्यात लाल दिवा गरगर फिरत होता. अँब्युलन्स त्यांच्या मागे इतकी जवळ होती की तिच्यातल्या ड्रायव्हरचे दात दिसत होते. रस्ता अरुंद, पलीकडून गाड्यांची रांग, तिला दुसरीकडून जायला जागाच नव्हती. मास्तरांनी गाडी कडेला घातली, एक चाक फुटपाथवर चढलं. अँब्युलन्स सुटली. ड्रायव्हरशेजारचा माणूस खिडकीतून मास्तरांकडे बघून काहीतरी ओरडला. त्याचं तोंड उघडलं आणि मिटलं, एवढंच मास्तरांना समजलं. तिच्या मागच्या काचेतून सलाइनची बाटली वर धरलेला एक हात दिसला आणि अँब्युलन्स पुढच्या वळणावर गेली.

गाडी तशीच तिरकी उभी राहिली. इंजिन सुरू होतं. मास्तरांनी चावी फिरवून ते बंद केलं.

"कधीपासून होती मागे?"

मास्तरीणबाईंनी नवऱ्याकडे तोंड वळवून सांगितलं. "शाळेपासून."

शाळेपासून इथपर्यंत. मास्तरांनी मनात तो रस्ता परत चालवला. शाळा, बँक, पेट्रोलपंप, पूल. एवढ्या वेळात त्यांनी तिन्ही काटे समजावून सांगितले होते आणि टेपची गोष्ट जवळजवळ संपवली होती. मागे कोणीतरी बाटली वर धरून बसलं होतं.

"तू का नाही सांगितलंस लगेच?"

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, एवढं तरी ऐकू येईल. मी वाट बघत होते. आता म्हणाल, आता म्हणाल. मी वाट बघायला नको होती."

मास्तरांनी स्टिअरिंगवरून हात काढले. कोणीतरी मागून येऊन, गाडी बिघडली आहे का, असं विचारत असावा, कारण तो खिडकीशी वाकून बोलत होता. मास्तरीणबाईंनी त्याला हाताने नाही म्हणून पाठवून दिलं.

"पोरीला फोन लाव," मास्तर म्हणाले. "म्हणावं, ये आणि गाडी घरी ने. मी नाही चालवत."

बाईंनी पर्समधून फोन काढला. "काय सांगू तिला?"

"सांग, बाबांना ऐकू येत नाही."

"तिला माहीत आहे हो."

"असू दे माहीत. मी म्हणालो म्हणून सांग."

बाईंनी नंबर लावला. त्या बोलल्या, मध्ये थांबल्या, डोळे पुसले, परत बोलल्या, मग बराच वेळ नुसत्या ऐकत राहिल्या. मास्तर त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळतंय का ते बघत होते. काही कळलं नाही. फोन ठेवल्यावर त्या खाली मान घालून दोन वाक्यं बोलल्या.

मास्तरांची मान सवयीने हलायला लागली होती. ती त्यांनी थांबवली आणि ते बायकोकडे सरकून बसले.

"काय म्हणाली ती? मला ऐकू आलं नाही. परत सांग."